गप्प बसायचा अभ्यास

मुलीला घरी शिकवायला लागल्यापासून माझ्याकडे पद्धत वगैरे काही जमली नाही, किस्से मात्र ढिगानं जमले. लग्नाबिग्नात कुणी विचारतं, "शाळेत न घालता कसं काय शिकवता हो?" मी तोंड उघडते आणि उत्तराऐवजी किस्साच बाहेर पडतो. समोरचा हसतो आणि जेवायला वळतो. त्यातल्या निम्म्या किश्श्यांच्या वेळी मला अजिबात हसू आलं नव्हतं, हे सांगायचं राहूनच जातं.

आम्ही तीन घरं. खर्डीचे आम्ही, धसईच्या सुलभाताई आणि उंबरमाळीचे भास्करदादा. माझी मनू तेरा वर्षांची, सुलभाताईंचा ओंकार अकराचा, भास्करदादांची चिमी नऊची. तिघंही घरी शिकतात. महिन्यातून दोनदा आम्ही कुणाच्या तरी घरी जमतो. मुलं खेळतात आणि आम्ही मोठी माणसं एकमेकांच्या चुका काढतो.

मनू बोलताना अडखळते. चौथीत वर्गातली पोरं तिची नक्कल करायची, आणि रोज सकाळी दप्तर बघून तिला उलटी व्हायची. म्हणून तिला घरी ठेवली. तीन-चार वर्षं मी तिच्या शेजारी बसून शिकवलं आणि सगळं छान चाललंय अशा थाटात वावरत होते.

एका दुपारी माझ्या नवऱ्यानं, सुनीलनं, भाकरी मोडता मोडता विचारलं, "उद्या तू नसलीस तर ही पुस्तकाचं पान तरी उलटंल का गो?"

मला संताप आला. मग त्यानं अट घातली. मनूनं शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठीच्या ओपन बोर्डाची आठवीची परीक्षा द्यायची. फॉर्म भरण्यापासून पेपर देण्यापर्यंत सगळं तिचं तिनं करायचं. "तू मधी पडलीस तर जूनला कल्याणचं होस्टेल!" होस्टेल म्हटल्यावर मनूनं ताट पुढे सरकवलं. सुनील वाईट माणूस नाही. तो घाबरला होता, आणि खरं सांगायचं तर मीही.

*

पहिली माझी चोरी पकडली सुलभाताईंनी. त्या आमच्याकडे आल्या होत्या. सहज मनूला म्हणाल्या, "सात आठे?"

मनूनं त्यांच्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. "प-पंचावन्न..." माझी एक भुवई हलली असणार. "छप्पन्न!"

"हिला पाढे येत नायत गो," सुलभाताई मला म्हणाल्या. "हिला तुझं तोंड पाठ झालंय!"

मला इतकं लागलं की दुसऱ्या दिवसापासून मी मनूकडे पाठ करून बसायला लागले. रिकामं बसवत नाही म्हणून सूप घेऊन तांदूळ पाखडायचे. मनू मागे मोठ्यानं गणितं सोडवायची. आठ दिवस एकही उत्तर चुकलं नाही! मी फोन करून सुलभाताईंना ऐकवलं. त्या खास बघायला आल्या, दारात उभ्या राहिल्या, दहा मिनिटं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं, ती चुकली की तुझं सूप थांबतंय!"

खरंच थांबत होतं. मनू "सोळा" म्हणायची, सूप थांबायचं, की ती लगेच "अठरा" म्हणायची. त्या दिवसापासून मला अभ्यासाच्या वेळेला घरातून हद्दपार केलं.

*

भास्करदादांचा प्रकार याहून भारी. त्यांनी चिमीला सांगितलं, आपल्या डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीचा नकाशा तूच काढ, मी बोट लावणार नाय. पहिल्या दिवशी ते नुसते लांबून बघत होते. दुसऱ्या दिवशी "दोरी सैल धरू नको" म्हणायला पुढे गेले. तिसऱ्या दिवशी आम्ही उंबरमाळीला पोचलो, तर भास्करदादा ओट्यावर पालथे पडून, जीभ बाहेर काढून, नकाशात हिरवा रंग भरत होते. नकाशा एक नंबर! चिमी हेद्याच्या झाडाखाली गाढ झोपली होती.

आम्ही तिला उठवलं. तिनं नकाशा पाहिला, बापाकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाली, "यांना आता येतंय. परीक्षेला यांनाच धाडा."

दोन दिवसांनी भास्करदादांनी फोन केला. मला म्हणाले, "वहिनी, शिकवायला सोपं हाय. हात आवरायला कठीण."

*

ओंकारच्या वेळी मात्र हसायची सोय नव्हती.

सुलभाताईंनी आमच्यावर कडी करायची म्हणून ओंकारला सांगितलं, आठवड्याचं वेळापत्रक तूच ठरव. त्यानं ठरवलं. सोमवारच्या चौकोनात एकच शब्द लिहिला: विहीर. सुलभाताईंना वाटलं, चित्रबित्र काढेल. त्या भाजी घेऊन धसईच्या बाजारात गेल्या. जेवायच्या वेळेला परत आल्या तर घरात ओंकार नाही. आणि वेळापत्रकावर विहीर!

त्यांचा मला फोन आला तेव्हा त्यांच्या तोंडून "ओंकार... विहीर..." एवढंच निघत होतं. मी खर्डीत, त्या धसईत, मी करणार काय? फोन चालू ठेवून त्या शेतातून पळत होत्या, आणि मला नुसता श्वास ऐकू येत होता. 

ओंकार विहिरीच्या कठड्यापासून चांगला दोन पावलं लांब पोटावर झोपला होता. स्वतःला झाडाला बांधून घेतलं होतं. दगड बांधलेली दोरी विहिरीवर पुढे काढलेल्या बांबूवरून आत सोडत होता आणि दर हाताला गाठ मारत होता. सुलभाताईंनी आधी एक रट्टा घातला, मग त्याला कुशीत घेतलं, मग रडल्या. सगळं मला फोनवर ऐकू येत होतं. बऱ्याच वेळानं त्यांनीच विचारलं, "किती खोल हाय रे?"

"अकरा हात झाले होते," ओंकार म्हणाला. "तू बोंबललीस नि दोरी सुटली. आता पयल्यापासून!"

*

हिवाळ्यात मनूचं एक गणित अडलं. दोन नळ, एक टाकी, तेच ते छळवादी गणित. तीन दिवस ती त्याच पानावर. मला उत्तर येत होतं, आणि मी ओटीवर बसून तेच ते स्वच्छ भांडं तिसऱ्यांदा घासत होते. तिसऱ्या दिवशी आत मनूचा आवाज आला. ती फोनवर बोलत होती! माझी मुलगी फोन वाजला तर दुसऱ्या खोलीत पळून जाते.

तिनं भास्करदादांना लावला होता. "दा-दा-दादा, टा... टाकी..." मी दाराला कान लावून उभी. पलीकडून दादा म्हणाले असावेत, मला पण नाय येत गो, तू मला नीट सांग काय दिलंय ते. मनू सांगायला लागली. अडखळत, थांबत, परत मागे जाऊन. अर्धा तास! मधेच तिची पेन्सिल वहीवर भराभर चालायला लागली.

फोन ठेवून ती बाहेर आली. "झालं," म्हणाली. "दा-दादांना आता समजलं."

मी भांडं चौथ्यांदा घासायला घेतलं, कारण डोळे पुसताना मी तिला दिसायला नको होते.

*

परीक्षेच्या दिवशी सुनीलनं कंपनीत रजा टाकली आणि आम्ही तिघं बाइकवरून मुरबाडला पोचलो. परीक्षा केंद्राच्या फाटकाशी एक सर यादी घेऊन उभे होते. मनूचं हॉलतिकीट त्यांनी पाहिलं, मनूला पाहिलं, परत हॉलतिकीट पाहिलं.

"ही ती मुलगी नाय."

फोटोत दोन वेण्या, गालावर पावडर, एवढुसं तोंड. चौथीतला फोटो! शाळेतल्या मुलांचे फोटो दर वर्षी निघतात. आमच्या घरात चौथीनंतर मनूचा पासपोर्ट फोटो काढायचं कारणच पडलं नव्हतं. फॉर्म तिनं एकटीनं भरला होता, कपाटात सापडला तो फोटो लावला होता, आणि अट म्हणून मी त्या फॉर्मकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. 

"साहेब, अहो ती आमची..." सुनील पुढे झाला.

मी त्याचा शर्ट मागून मुठीत धरला. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा रडवेला झाला होता. पहिली घंटा झाली. मागे मुलांची रांग ढकलाढकली करायला लागली.

मनूनं पिशवीतून आधार कार्ड काढलं. तोंड उघडलं. पहिलाच शब्द अडला. ओठ मिटले, मान ताठ झाली, डोळे घट्ट बंद झाले. रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं.

"अहो आई, तुमी बोला ना!" सर माझ्यावर खेकसले. "मुलीला बोलता येत नाय काय?"

मनूनं डोळे उघडले.

"ये... येतं," ती म्हणाली. "वे-वेळ लागतो. तु-तुमी थांबा."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. हातातली यादी मिटली. आणि थांबले.