कोलशेतच्या वाटेचं चित्र
जवसाच्या तेलात खललेल्या शाईचा वास आला की मला आमचं नौपाड्याचं घर आणि अंथरुणाला खिळलेली माझी बायको आठवते. मी ठाण्याच्या आसपासच्या वाटा पायी तुडवायचो आणि पाहिलेलं दगडावर रेखून शिळाछाप चित्रं काढायचो. बाळंतपणानंतर तिचा ताप हटेना, तेव्हा ती म्हणाली, "अहो, माझ्या माहेरची वाट छापून आणा ना." मी खाडीच्या कडेने कोलशेतला गेलो, तर कळलं, सासूबाई पटकीने गेल्या होत्या. "तिला इतक्यात सांगू नका, खचेल ती," सासरे रडत म्हणाले. मी वाट, मिठागरं आणि चिंचेखालचं घर एवढंच छापून आणलं. तिने ते उजेडात धरून न्याहाळलं. "दारात आईला उभं करा की." मी लगेच "बरं" म्हणालो आणि दगडावर पदर घेतलेली बाई रेखून नवी प्रत आणली. त्या बाईवर बोट ठेवून ती हळूच म्हणाली, "तुम्ही चित्रात कधी माणूस काढत नाही, कितीही विनवलं तरी. आई कधी गेली?" मला खोटं बोलवेना. आता वाटतं, नेहमीसारखा नकार दिला असता, तर तिची आई तिच्यापुरती आणखी थोडे दिवस जगली असती.