खड्ड्याला तांब्याभर पाणी

सोलरच्या दुकानात कामाला लागलं की किस्से शोधावे लागत न्हाईत. छपरावर चढताना एक घावतो, उतरताना दुसरा. आमच्या दुकानात तिघंच. सर्जेरावदादा मालक, बाळू वायरमन आणि मी. माझं काम फॉर्म भरणं, शिडी धरणं आणि शिव्या खाणं.

दादांना दोन गोष्टींची चीड. नियम मोडणं आणि अंधश्रद्धा. दुकानाच्या उद्घाटनाला नारळसुद्धा फोडला न्हाय. म्हणाले, "वायरिंग चेक करा, तीच पूजा!"

पण यंदा दादांचं तोंड उतरलेलं. वीज कंपनीच्या तपासणीत आमच्या दोन साइट नापास झालत्या. तिसरी गेली की ठेकेदारांच्या यादीतनं नाव कट. म्हणजे दुकानाला कुलूप, आणि मी परत घरी आईच्या डोळ्यासमोर!

*

दादांचा नियम, बेल्टशिवाय छपरावर पाऊल टाकायचं न्हाय. बाळू तर बेल्ट काढतच न्हाय. चहाच्या गाड्यावर पण बेल्ट.

एकदा उतरत्या पत्र्यावर काम चाललेलं. दादांनी खालनं बघितलं. बेल्ट हाय, दोरी हाय, आणि हूक बाळूच्याच खिशात!

"लेका, पक्क्या वस्तूला अडकव की!"

बाळू गपगुमान खाली आला आणि हूक दादांच्या कमरेच्या पट्ट्याला लावला.

"दादा, ह्या साइटवर तुमच्यापेक्षा पक्कं कोण न्हाय."

*

पेठ वडगावात दोन भाऊ. छत सामाईक, त्यामुळं धाकट्याला पॅनेल बसवायचं तर थोरल्याची लेखी संमती पाहिजे.

थोरला म्हणाला, "सही देतो की. पर पॅनेल त्याचं आणि सावली माझ्या वाट्यावर. माझ्या मिरच्या कुठं वाळायच्या?"

उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची असती. ह्या मुद्द्यापुढं सुप्रीम कोर्ट पण गप बसंल. दोन तास घासाघीस झाली आणि आमच्या माघारी दोघांनी स्टॅम्पपेपर करून आणला. आम्ही सही बघितली, मजकूर कोण वाचतंय!

महिन्यानं धाकट्याचा फोन. "ओ, वीज निम्मीच तयार व्हायला लागलीया!"

दादांनी विचारलं, "पॅनेलवर काय पडलंय काय?"

"व्हय. थोरल्याच्या मिरच्या."

"मग काढा की!"

"काढू कशा? करारात हाईत!"

*

इचलकरंजीचं एक गिऱ्हाईक तणतणत दुकानात आलं. "लाइट गेली की सोलर पण बंद? मग काय फोटो काढायला बसवलंय?"

दादांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "पावणं, लाइट गेल्यावर लाइनमन खांबावर चढतोय. आपली वीज उलटी तारेत गेली तर माणूस जाग्यावर जाईल. म्हणून इन्व्हर्टर आपोआप बंद होतोय. कायदाच हाय तसा."

माणूस एकदम शांत झाला. "माझा जावई लाइनमन हाय."

दादांना बरं वाटलं. "बघा! म्हणजे कळलं तुम्हाला."

"कळलं की. चालू ठेवायचं बटण कुठलं?"

*

आणि तिसरी साइट. गारगोटी. घर आक्कांचं, वय सत्तरीच्या पुढं, आवाज पंचविशीतला.

आधीच्या दोन्ही साइट एकाच कारणानं गेलत्या. अर्थिंगचा खड्डा कोरडा. खड्ड्यात तांब्याचा रॉड, मीठ आणि कोळसा असतोय. माती ओली ऱ्हायली तरच वीज पडल्यावर ती जमिनीत जाती, न्हायतर घरात येती.

दादांनी हात जोडले. "आक्का, ह्यात रोज तांब्याभर पाणी घाला."

"झाड हाय काय तिथं?"

"न्हाय."

"मग पाणी कशाला?"

दादांनी अर्धा तास विज्ञान सांगितलं. आक्कांनी अर्ध्या तासात दोन किलो वाटाणा सोलला. आठ दिवसांनी जाऊन बघितलं, तर खड्डा ठणठणीत कोरडा!

मी काय केलं न्हाय. फक्त खड्ड्याच्या झाकणाला शेंदरी रंग दिला आणि जाताना त्याच्या पाया पडलो.

तपासणीच्या दिवशी पोचलो, तर झाकणावर हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि शेजारच्या चार बायका तांब्या घेऊन रांगेत! दादांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू अर्थिंगची गरज मलाच हाय.

दादा तत्त्वाचा माणूस. नाव कटायची वेळ आली तरी पुढं होऊन म्हणाले, "आक्का, ह्या पोरानं तुम्हाला फसवलं. ह्यात देव न्हाय. तांब्याचा रॉड हाय नुसता."

"म्हाईत हाय. देवळात तरी काय हाय? दगडच की!"

तेवढ्यात तपासणीचे साहेब आले. झाकणाकडं निघाले, तर आक्का आडव्या. "पायतान काढा."

"आजी, हे सेफ्टी शूज हाईत. काढले तर नियम मोडतोय."

"आणि घातले तर माझा मोडतोय!"

मग बाळूनं गाडीतनं रबरी मॅट आणून अंथरली. आक्कांनी तिच्याभोवती रांगोळी काढली. साहेब अनवाणी मॅटवर उभे ऱ्हायले आणि मीटर लावला. पाचच्या आत आलं तर पास.

मीटरवर एक.

साहेबांनी मीटर हापटला, परत लावला. एकच! "एवढं चांगलं रीडिंग? खड्ड्यात काय घातलंय?"

दादांनी सहीचा फॉर्म पुढं सरकवला.

पास!



दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानामागं गेलो. आमचा अर्थिंगचा खड्डा कुलूपबंद जाळीत हाय, आणि किल्ली फक्त दादांकडं असती. माती ओली होती. झाकणावर हळदकुंकू. आणि शेजारी नारळ, फोडलेला.