वैद्यकाकांची शिट्टी

पुण्याला गेले की मैत्रिणी हटकून विचारतात, "कोलकात्यात संध्याकाळी एकटी काय करतेस गं?" मी सांगते, "बंदूक चालवते." त्या हसतात. मग मी एक किस्सा सांगते, त्यातून दुसरा निघतो, आणि घरी परतल्यावर आठवतं, अरे, अजून चार राहिलेच की! बँकेत सगळा जन्म गेला, पण तिथे जमले नाहीत एवढे किस्से या फोनवरच्या एका गेमने दोन वर्षांत दिले.

झालं असं, माझी बदली झाली आणि मी इथे डमडमला, विमानतळाशेजारी, येऊन पडले. नवरा पुण्यात, मुलगा सोहम नोकरीला बंगळुरूत. फोनवर हा पोरगा "हं", "बरं", "ठेवू?" यापलीकडे जात नाही. पण गेममध्ये? "आई, मागे बघ! आई, खाली बस! आई, पळ!" तासाभरात पन्नासदा आई म्हणतो. पन्नाशीत मी बंदूक उचलली ती एवढ्यासाठीच.

टीमला चौघं लागतात. तिसरी पल्लवी, साताऱ्याची, एस्प्लनेडला एका कंपनीत आहे. चौथे वैद्यकाका. रेल्वेतून रिटायर होऊन हावड्यालाच राहिलेले. काकू गेल्या, मुलगी परदेशी. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या जेवणात पल्लवीच्या फोनमध्ये डोकावून म्हणाले, "यात म्हाताऱ्यांना घेतात का?"

घेतलं!

*

सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. मी हेडफोन लावून ओरडतेय, "मारा! मारा त्याला! सोडू नका!" दारावर धाडधाड. उघडलं तर खालच्या मजल्यावरची घरमालकीण बौदी, हातात लाटणं, मागे तिचा नवरा. "की होलो, दीदी? चोर?"

मी फोन दाखवला. बौदीने लाटणं खाली केलं आणि हिंदीत म्हणाली, "रोज तुमचा आवाज येतो. आम्हाला वाटायचं, बिचारी एकटीच आहे, भिंतीशी भांडते."

त्या दिवसापासून ती मला अधूनमधून वाटीभर पायेश, म्हणजे तांदळाची खीर, आणून देते. तिची खात्री अजून पटलेली नाही.

*

वैद्यकाका गोळी मारत नाहीत. "उगाच कशाला कुणाला?" म्हणतात. मग करतात काय? दारं लावतात!

या गेममध्ये रिकाम्या घरांत शिरायचं, सामान उचलायचं आणि पळायचं. आम्ही तिघं पळायचो. काका मागे राहून एकेक दार लावत यायचे. दाराचा आवाज होतो, आणि शत्रू त्याच आवाजावर येतो. एकदा एका बंगल्याची नऊ दारं त्यांनी लावली आणि नवव्या दाराशी आम्ही चौघंही मेलो.

सोहम भडकला. "काका, दारं कशाला लावता?"

"अरे, घर असं उघडं टाकून जायचं?"



*

काकांच्या घराखाली लेथचं वर्कशॉप आहे. त्यांनी माईक चालू केला की आमच्या कानात लोखंड कापलं जायचं. शेवटी सोहमने सांगितलं, "काका, तुम्ही फक्त ऐका. माईक बंद ठेवा. काही सांगायचं असेल तर ते शिट्टीचं बटण दाबा."

गेममध्ये 'मी इथे आहे' असं कळवायला एक बटण असतं. दाबलं की बाकी तिघांच्या कानात फुर्रर्र अशी शिट्टी. ट्रॅफिक हवालदारही एवढी जोरात वाजवत नाही.

काकांना खेळणंच सापडलं. घर दिसलं, फुर्रर्र. दार लावलं, फुर्रर्र. मी मेले, तरी फुर्रर्र! त्यात मला सोहमचा आवाज ऐकू येईना. मी कशासाठी खेळत होते, आणि ऐकत काय होते? खरं सांगते, फार राग यायचा.

*

एका संध्याकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी सोहमनेच तोडगा काढला. "आई, पल्लवी, ऐका. सेटिंग्ज. त्यात ऑडिओ. एकदम खाली जा. 'टीम सिग्नल' बंद करा."

पल्लवीचं लगेच झालं. मी खाली गेले, काहीतरी बंद केलं. शिट्टी गेली. काय शांतता! फक्त सोहमही बोलेना.

दोन दिवस तो चकार शब्द बोलला नाही. मला वाटलं, रुसला. आपलं काय चुकलं, म्हणून रडूसुद्धा आलं. तिसऱ्या दिवशी फोन केला, "सोहम, रागावलास का रे?"

"आई! दोन दिवस मी घसा फोडून ओरडतोय!"

मी शिट्टीबरोबर टीममधल्या सगळ्यांचे आवाज बंद केले होते. त्याने फोनवर अर्धा तास बसून सगळं नीट करून दिलं: आवाज चालू, शिट्टी तेवढी बंद. अर्धा तास! बदली झाल्यापासूनचा आमचा सगळ्यात लांब फोन तोच.

*

मग सोहमची शिफ्ट बदलली. पल्लवी महिनाभर साताऱ्याला गेली. रोज साडेसातला खेळायला मी आणि काका, दोघंच.

मी विचारायचे, "काका, आहात ना?" उत्तर नाही. काका कुठेतरी दारं लावत असतील, असं समजून मी गेममधल्या माळावर एकटीच फिरायचे. वरून विमानं जायची, ती मात्र खरी. गेम बंद करावा असं वाटायला लागलं होतं.

एकदा खेळ संपल्यावर सहज हिशेबाचं पान उघडलं. आम्ही कधी बघत नाही ते. वैद्यकाका. मारले: शून्य. सिग्नल: चौसष्ट.

मी विचारत होते आणि ते चौसष्ट वेळा उत्तर देत होते. मला स्वतःची लाज वाटली.

*

रविवारी सकाळी डबाभर थालीपिठं घेतली, लाँचने नदी ओलांडली आणि हावड्याला काकांच्या घरी गेले. खाली लेथ चालू. काकांनी खिडकी लावली, चहा ठेवला.

मी सांगून टाकलं. "काका, माफ करा. दीड महिना झाला, आम्ही तिघांनीही तुमची शिट्टी बंद करून ठेवलीय."

"माहितीये की."

"माहितीये?"

"सेटिंग्ज, ऑडिओ, एकदम खाली, टीम सिग्नल. सोहम सांगत होता तेव्हा मी तिथेच होतो ना. माझा माईक बंद होता, कान नाही." काका चहा गाळायला लागले. "छान समजावतो हो तुमचा मुलगा."

मला कुठे बघावं कळेना. थालीपिठांचा डबा उघडत विचारलं, "मग रोज वाजवत का होतात?"

काकांनी कप माझ्या पुढ्यात सरकवला.

"अहो ताई, एखाद्याने चुकून चालू केली तर?"