पापुद्र्याची खंडेनवमी

संप फिसकटला तेव्हा बाबांची गिरणी गेली आणि तिच्याबरोबर खंडेनवमीही गेली. त्या दिवशी बाबा आपल्या साच्याला, म्हणजे यंत्रमागाला, झेंडूची माळ घालायचे, नारळ फोडायचे आणि त्याचं पाणी बोटांनी साच्यावर शिंपडायचे. आता ते दादरच्या एका इमारतीत वॉचमन होते. टॉर्चला तरी कुंकू लावा, असं आईने सुचवलं, तर बाबा लालबागच्या आमच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दर वर्षी हेच. सणासुदीला तोंड पाडून बसलेला माणूस मला सहन होत नाही, म्हणून एका वर्षी मी त्यांना सरळ माटुंग्याला माझ्या प्रयोगशाळेत घेऊन गेले.

तिथे मी पीएचडी करत होते. प्रथिनांसारख्या लांबलचक साखळ्या तयार करायच्या, त्यांच्या कड्यांना वेगवेगळे रासायनिक गट जोडायचे, मग त्याचा पातळ पापुद्रा करून त्यातून वीज जाते का ते पाहायचं. असली साखळी मुळात विजेला दाद देत नाही. मी जोडलेले गटही तिच्याच वळणावर गेले होते. मीटरचा काटा ढिम्म हलत नव्हता आणि गिरणगावातल्या माझ्या सगळ्या शिव्या पापुद्र्याला देऊन संपल्या होत्या.

बाबा पांढरा शर्ट घालून आले. तुझं मशीन कुठलं, असं त्यांनी विचारलं. मी मीटर दाखवला. त्यांनी त्याला कुंकू लावलं, माळ घातली, व्हरांड्यात नारळ फोडला आणि गिरणीतल्या सवयीने अख्ख्या टेबलावर पाणी शिंपडलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता की चिमट्यात अडकवलेल्या पापुद्र्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

दसऱ्यानंतर बटण दाबलं आणि काटा सरकला. मी किंचाळले, माझे गाइड असलेले सर धावत आले. पेढे वाटून झाल्यावर सरांनी त्याच पापुद्र्याचा दुसरा तुकडा लावायला सांगितला. काटा पुन्हा ढिम्म. मग त्यांनी पहिला तुकडा नाकाशी नेला आणि हसत हसत खुर्चीतच बसले. वीज वाहत होती ती नारळाच्या पाण्यातल्या क्षारांतून.

घरी मी हा किस्सा रंगवून सांगितला. आई हसून बेजार झाली. बाबा हसले नाहीत. "माझ्यामुळे तुझा काम बिघडला गो," एवढंच म्हणाले, आणि पुढच्या खंडेनवमीला यायला त्यांनी साफ नकार दिला.

पण सरही हट्टी. मधल्या वर्षात आम्ही साखळीवर नवे गट जोडले होते, एकमेकांना चिकटून रांगेत बसणारे. सर स्वतः लालबागला येऊन बाबांना आमंत्रण देऊन गेले. बाबा आले. पूजेआधी सरांनी पापुद्रा कपाटात ठेवला, पूजेनंतर टेबल पुसून तो लावला आणि बटण बाबांना दाबायला लावलं.

काटा चढला. थोडाच, पण कोरड्या पापुद्र्यावर.

बाबांनी मीटरकडे कान नेला.

"ह्येचो आवाज येना नाय?"

"येतच नाही, बाबा," मी मोठ्याने ओरडून सांगितलं. साच्यांच्या खडखडाटाने त्यांचे कान कधीच अधू केले होते.

त्यांनी एकदा मीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बरा झाला," ते म्हणाले. "तुझे कान तरी शाबूत रवतले."