गाजराच्या रसानं उतरलेला चष्मा

शेलूबाजारच्या आठवडी बाजारात सीताबाईंची गाजरं सगळ्यांच्या आधी संपत. गाजरं गोड होतीच, पण सीताबाईंची जीभ त्याहून गोड. "माह्या शुभांगीचा चष्मा या गाजराच्या रसानं उतरला!" असं त्या येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत आणि पुरावा म्हणून शेजारी बसलेल्या लेकीला पुढं करत.

लेक ओशाळं हसे. चष्मा उतरला कसला! वाशीमच्या डॉक्टरांकडून तिनं गुपचूप कॉन्टॅक्ट लेन्स आणल्या होत्या. आईला सांगणारच होती, पण आईचा आनंद आधीच गावभर फिरून आला होता. आता सांगावं कोणत्या तोंडानं?

त्या दिवशी हिरव्या मिरच्या निवडता निवडता शुभांगीनं विसरून डोळा चोळला, आणि डोळ्यात जाळ झाला.

सीताबाई कनवाळू, आणि कनवाळू माणसाला दम कुठला? त्यांनी पिशवीतून बाटली काढली. नवऱ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनानंतर उरलेले थेंब ते. अर्ध्या गल्लीच्या डोळ्यांना त्या तेच घालत.

"मान वर कर, बाई."

डॉक्टरांनी शुभांगीला बजावलं होतं, दुसऱ्याचे थेंब घालायचे नाहीत, आणि लेन्स डोळ्यात असताना तर विचारल्याशिवाय कोणतेच नाहीत. समोर भाजी विकणाऱ्या गोमतीबाई आणि गिऱ्हाइकांचा घोळका. बोलावं तर चारचौघांत आई खोटी पडते, न बोलावं तर डोळ्याशी खेळ. बाटली डोळ्यावर आली तशी ती ओरडली, "थांब माय! डोयात लेन्स हाये. चष्मा रसानं नाही गेला."

सीताबाईंचा चेहरा खर्रकन उतरला.

"मंग हे गाजरं कायची?" गोमतीबाईंनी ठसक्यात विचारलं.

"खायची!" म्हणत सीताबाई शेजारच्या हॉटेलातून साबण आणि प्यायचं पाणी घेऊन आल्या. शुभांगीनं हात खसखसून धुतले, लेन्स काढून फेकली, डोळ्यावर पाणी ओतत राहिली. मग दुकान गोमतीबाईंच्याच भरवशावर टाकून मायलेकी जीपनं वाशीमला गेल्या.

डोळा शाबूत होता. डॉक्टरांनी नवे थेंब दिले आणि आपण हो म्हणेपर्यंत लेन्स बंद केली. पुढंही थेंब घालायचे तर आधी लेन्स काढायची, आणि मग निदान पंधरा मिनिटं थांबूनच लावायची. सीताबाईंनी ते पुन्हा विचारून घेतलं आणि जुनी बाटली तिथंच टाकून दिली.

परतीच्या जीपमध्ये सीताबाईंनी नव्या थेंबांची बाटली पिशवीत नीट ठेवली.

"मले काहून नाही सांगतलं व?"

"तू लय खुश होती, माय."

"अवं, तुले दिसते म्हून खुश होती मी. रसानं काय, न् लेन्सनं काय!"