मोठेबाबांचं क्लॅरोनेट आणि माझ्या नावाची कॅसेट

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही. ज्या परदेशी लोकांशी माझा संगीताचा पत्रव्यवहार चालतो त्यांच्याजवळ तर नाहीच. त्यांना सांगितलं असतं तर कदाचित त्यांना ते आवडलंही असतं — आणि तेवढं मात्र मला सहन झालं नसतं.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. मध्येच उठून जावंसं वाटलं तर जा. मीही हे लिहायला बसतो आणि दोन ओळी झाल्या की उठतो, हात धुऊन येतो. हाताला काही लागलेलं नसतं.

मी तुमसरला राहतो. सरकारी नोकरी आहे, फार मोठी नाही. घराच्या पुढच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे, आमच्या लग्नात आलेलं. बायकोच्या साड्या त्यात ठेवायच्या होत्या. त्यात माझ्या कॅसेटी आणि रेकॉर्डी आहेत. ज्याला फ्री जॅझ म्हणतात ते, आणि त्याच्या आसपासचं आणखी विचित्र काहीबाही. ठरलेली चाल नाही, ठेका नाही. सॅक्सोफोनवाला सूर लावण्याऐवजी किंचाळतो. कुणी तासभर तारेवर खिळा घासत बसतो. मोठ्या कंपन्या असलं काही काढत नाहीत. काढतात ते एकटेदुकटे लोक — कुठल्यातरी थंड देशात, आपल्याच स्वयंपाकघरात बसून शंभरेक कॅसेटी भरतात, वेष्टनावर हाताने शिक्का मारतात, संपल्या की संपल्या. त्यालाच लेबल म्हणायचं. नागपूरला कॉलेजात असताना मला हे वेड लागलं, ते सुटलं नाही. पोस्टमनला वाटायचं, मी बाहेरून औषध मागवतो.

“काय लावलं जी हे?” बायको म्हणायची. “पंखा बिघडल्यावानी वाजून राहिलं.”

मी हसायचो. तिला काय कळणार, असं ते हसणं होतं. साऱ्या जिल्ह्यात हे ऐकणारा मी एकटा — याचा मला किती माज होता. लग्नाच्या वरातीत लोक नाचताना दिसले की मला त्यांची कीव यायची. आणि त्या वरातीपुढे क्लॅरोनेट वाजवणारा माणूस माझा सख्खा मोठा काका होता.

आम्ही त्यांना मोठेबाबा म्हणायचो. करडीला राहायचे. धानाची थोडी शेती, आणि लग्नसराईत बँड. जयंतीच्या मिरवणुकीत ते पुढे असायचे. पण त्यांचं नाव होतं ते मुलीच्या पाठवणीसाठी. मुलगी गाडीत बसायच्या आधी ते एक चाल वाजवायचे, आणि सोयरे-धायरे सोडा, मांडव सोडणारे मजूरसुद्धा हातातला बांबू खाली ठेवून उभे राहायचे. स्वतःच्या मुलीच्या, वंदनाच्या लग्नात मात्र त्यांना ती वाजवता आली नाही. मुलीचा बाप बँडमध्ये कसा उभा राहणार? ते पाहुण्यांपुढे हात जोडून उभे होते, आणि वाजवलं दुसऱ्या कुठल्या बँडने. वंदना लाखांदूरला गेली.

मग त्यांना लकवा झाला. हातपाय वाचले. तोंडाची डावी बाजू गेली. बोलणं समजायचं, पण पाणी पिताना एका कोपऱ्यातून ओघळायचं आणि मोठीआई, त्यांची बायको, पदराने पुसायची.

त्यानंतर एकदा मी करडीला गेलो होतो. माझ्या पिशवीत रेकॉर्डर होता. तो मी का बाळगायचो? कारण मला नुसतं विकत घेणारा राहायचं नव्हतं. माझंही नाव अशा एखाद्या कॅसेटवर यावं, ही माझी हाव होती. मी लेबलवाल्यांना तलावावरच्या बेडकांचा आवाज भरून पाठवला होता, धानाची गिरणी पाठवली होती. उत्तर यायचं — छान आहे, पण असं आमच्याकडे खूप येतं.

मोठेबाबांनी रेकॉर्डर पाहिला. म्हणाले, “बाबू, ह्या तुह्या मशीनमंदी माही ते पाठवणीची चाल भरून देशीन का? वंदीसाठी. तिच्या लग्नात राह्यली.”

“वाजवता येते का आता तुमाले?” मी विचारलं.

“पाहू ना. तोंडाले सवय लागन तं येन.”

त्यांनी क्लॅरोनेट जोडलं, त्याच्या तोंडाशी बसवलेली पत्ती जिभेवर ओली केली आणि फुंकलं.

जे निघालं ते मी कसं सांगू? अर्धी हवा ओठाच्या कोपऱ्यातून निसटत होती. एक शीळ, थुंकीची खरखर, मध्येच वासराने हंबरावं तसा एक जाड सूर, आणि लगेच पत्तीची किंचाळी. त्यामधून चाल डोकं वर काढायची आणि बुडायची. मोठेबाबांचा चेहरा लाल झाला. मोठीआईने मान खाली घातली. छपरीत बसलेले दोन शेजारी उठून गेले — लाज वाटली म्हणून, मोठेबाबांची लाज राखायची म्हणून. आणि मी? माझ्या कानात हेडफोन होते आणि माझ्या अंगावर काटा आला होता. आनंदाचा. जे आवाज मी समुद्रापलीकडून मागवत होतो ते इथे करडीच्या छपरीत एक आजारी म्हातारा काढत होता, आणि ते त्यांच्याहून खरे होते.

खरे असणारच. तो माणूस सोंग करत नव्हता. त्याला जमत नव्हतं.

मी घरी येऊन ते रेकॉर्डिंग एका लेबलवाल्याला पाठवलं. त्याचं उत्तर लगेच आलं. असं काही त्याने ऐकलं नव्हतं म्हणे. कॅसेट काढू, पण आणखी हवं, लांब हवं. वाजवणारा कोण, असं त्याने विचारलं. मी लिहिलं — मीच.

इथे थांबता आलं असतं. नाही थांबलो. मी दर रविवारी करडीला जाऊ लागलो. मोठीआईला किती बरं वाटायचं! भाचे-पुतणे कोण येतात हो आजाऱ्याला भेटायला? ती माझ्यासाठी कोंबडा कापायची. डॉक्टरांनी मोठेबाबांना तोंडाचे व्यायाम सांगितले होते — गाल फुगवायचे, शीळ घालायची. त्याने सूर जरा जरा सुधारत होता. मला ते नको होतं. थकले की त्यांचा आवाज जास्त फाटायचा, हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा मी त्यांना आधी थकवू लागलो. आणखी एकदा, मोठेबाबा. पुन्हा एकदा. ते घाम पुसायचे आणि वाजवायचे. त्यांना वाटायचं, पुतण्या आपल्यासाठी किती राबून राहिला.

अजून मी खरी गोष्ट सांगितलेली नाही. तिच्याभोवती फिरतो आहे, कळतं मला.

असाच एक रविवार होता. मोठेबाबा वाजवत होते, हवा नेहमीसारखी निसटत होती. मोठीआई बाजूला लसूण सोलत बसली होती. तिला काय सुचलं कोण जाणे — ती उठली, हात धुतले, त्यांच्या डावीकडे येऊन बसली आणि पदर गुंडाळलेल्या अंगठ्याने त्यांच्या ओठाचा तो कोपरा दाबून धरला. म्हणाली, “वाजवा आता.”

त्यांनी वाजवलं. आणि चाल आली. पूर्ण. पहिल्या सुरापासून शेवटापर्यंत, कुठे फट नाही, कुठे घसरण नाही. मोठीआईने अंगठा हलवला नाही. छपरीबाहेर सायकलवरून जाणारा एक जण पाय टेकून उभा राहिला. चाल संपली तेव्हा मोठेबाबांनी क्लॅरोनेट मांडीवर ठेवलं. वाकड्या तोंडाने हसले. इतकं हसू मी त्यांच्या चेहऱ्यावर लकव्यानंतर पाहिलं नव्हतं.

“आलं का रे, बाबू?”

रेकॉर्डर चालू होता. तांबडा दिवा मला दिसत होता. सगळं आलं होतं.

मी म्हणालो, “नाही आलं जी. सेल संपले वाटते.”

का म्हणालो? कारण चाल मिळाली की ते वाजवणं थांबवणार होते, आणि माझी कॅसेट अजून पुरी व्हायची होती. हे एक. दुसरं सांगायला जास्त घाण वाटते. ती चाल ऐकताना मला कंटाळा आला होता. सूर लागलेला, साधी, सरळ, लग्नात वाजते तशी — मला ती गावठी वाटली. त्या दोघांनी मिळून जे केलं ते माझ्या डोळ्यांपुढे झालं होतं आणि माझ्या मनात आलं ते इतकंच, की हे काही कामाचं नाही.

मी पिशवीतून दुसरे सेल काढून घातल्याचं नाटक केलं. “पुन्हा एकदा,” म्हणालो.

त्यांनी पुन्हा वाजवायला घेतलं. मोठीआईने पुन्हा अंगठा लावला. पण त्यांच्यात श्वास उरला नव्हता. सूर सुरुवातीलाच फाटला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा तर नुसती हवा आली, आणि मग ते क्लॅरोनेटमध्येच रडले — म्हणजे तोंडातून वाद्य न काढता. ते रडणं त्या लाकडातून बाहेर आलं. मोठीआई म्हणाली, “राहू द्या ना जी आता. राहू द्या.”

मी हेडफोन कानावर दाबून धरले, एकही आवाज निसटू नये म्हणून.

घरी येताच चांगली आलेली चाल मी पुसून टाकली. चुकून नाही. बटण दाबायच्या आधी रेकॉर्डर विचारतो, नक्की का? मी नक्की केलं.

कॅसेट निघाली. राखाडी वेष्टन, त्यावर माझं नाव. मोठेबाबांचं नाव कुठेच नाही. शेवटचा तुकडा म्हणजे ते रडणं. इंटरनेटवर तिघाचौघांनी लिहिलं. एकाने लिहिलं, वादकाने स्वतःचं शरीरच वाद्यावर फेकलं आहे. दुसऱ्याने मला विचारलं, शेवटी जी बाई बोलते ती काय म्हणते? मी उत्तर दिलं — आमच्याकडची एक प्रार्थना आहे. त्याला फार आवडलं ते. मलाही, तेव्हा, आवडलं. आपण काय सुचवून टाकलं, असं वाटलं.

करडीला जाणं मी कमी केलं, मग बंद केलं. मोठेबाबा फोनवर विचारायचे, “येतं का रे रविवारी? सेल नवे आणजो.” मी कामाचं निमित्त सांगायचो. धान कापून झाल्यावर त्यांना दुसरा झटका आला आणि ते गेले. मी मातीला गेलो. खांदा दिला. लोक म्हणाले, पुतण्याने शेवटी शेवटी लई केलं त्यांचं.

मोठीआईला वंदनाने लाखांदूरला नेलं. काही दिवसांनी वंदना एकटीच, एसटीने, आमच्याकडे आली. पुढच्या खोलीत बसली, कपाटाला पाठ करून. चहा घेतला. माझ्या पोरांची चौकशी केली. मग म्हणाली, “दादा, आई सांगत होती, एक डाव बाबाची चाल मस्त आली होती म्हणे. पण मशीन बंद होती.”

“हो,” मी म्हणालो.

“मंग बाकी दिवसाचं असन ना काही? बिघडलेलं असन तरी चालन मले. वाजवता वाजवता बोलले असतीन मधात, खोकलले असतीन... तेवढं तरी दे ना. आवाजच नाही राह्यला माह्याजवळ त्यांचा.”

तिच्या पाठीमागे हातभरावर तो आवाज होता. दहा प्रती होत्या, लेबलवाल्याने वादकासाठी म्हणून पाठवलेल्या. खोकणं होतं, शिव्या होत्या, ‘वंदीसाठी’ म्हणाले होते तेही एका ठिकाणी पुसट ऐकू येतं. मी दिलं असतं तर तिने विचारलं असतं, यावर तुझं नाव कसं? म्हणून मी म्हणालो, “काहीच उरलं नाही वंदना. मशीन खराब झाली. सारं गेलं.”

तिने पिशवी उचलली. मग म्हणाली, “जाऊ दे दादा. तू तरी काय करशीन. येत होता ना तू, तेच लई झालं.” आणि जाताना खाली वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.

त्या रविवारी वाजली तशी ती चाल आता कुठेच नाही. ज्यांनी ऐकली त्यांतली मोठीआई आहे, सायकलवाला असेल, आणि मी. मला ती आठवत नाही. खूपदा प्रयत्न केला. सुरुवातीचे दोन सूर येतात आणि पुढे ते रडणंच ऐकू येतं.

मागच्या महिन्यात त्या लेबलवाल्याने पुन्हा लिहिलं. कॅसेट संपून बराच काळ झाला, लोक अजून मागतात, आता ती रेकॉर्डवर काढायची का? मी चार दिवस उत्तर दिलं नाही. पाचव्या दिवशी हो कळवलं.