बस्त्यातलं सिल्व्हर कार्ड

“आमी चांदीचे काहून?”

गंगाधरमामांनी हा प्रश्न विचारला तेव्हा गादीवर शालू उलगडलेले होते, दोन्हीकडच्या बायका भोवती बसल्या होत्या आणि चहा नुकताच आला होता. मामा म्हणजे नवऱ्यामुलाचे मामा. ते उभे राहून भिंतीवरच्या टीव्हीकडे बोट दाखवत होते. टीव्हीवर लिहिलं होतं, ‘सिल्व्हर मेंबर शेषराव यांचे स्वागत’. शेषराव म्हणजे नवऱ्यामुलाचे वडील. थोड्या वेळापूर्वी त्याच टीव्हीवर मुलीच्या वडिलांचं, बाबारावांचं नाव येऊन गेलं होतं. त्या नावापुढे ‘गोल्ड’ लिहिलेलं होतं आणि मागे सनई वाजली होती. सिल्व्हरला सनई नव्हती.

मी काउंटरच्या बाजूला उभी होते. माझ्या गळ्यात ‘ट्रेनर’ असं लिहिलेलं ओळखपत्र होतं.

मी दुकानांच्या स्टाफला कस्टमर रिटेन्शन शिकवते. म्हणजे आलेला ग्राहक टिकवायचा कसा, हे शिकवते. त्यातला एक मोठा भाग लॉयल्टी प्रोग्रामचा असतो. ग्राहकाने खरेदी केली की त्याच्या मोबाइल नंबरवर पॉइंट जमा होतात. पॉइंट वाढले की तो वरच्या पायरीवर जातो. या पायरीला टिअर म्हणतात. आधी सिल्व्हर, मग गोल्ड, मग प्लॅटिनम. वरच्या पायरीला सूट जास्त. पुढची पायरी दिसली की माणूस ती चढायला पुन्हा येतो, असं हे शास्त्र आहे. शास्त्र खोटं नाही. फक्त ते एकट्या ग्राहकाला धरून लिहिलेलं आहे, आणि हिंगोलीत कापड घ्यायला एकटं सहसा कोणी येत नाही.

दुकानाचे मालक अशोकशेठ. गावात नवं मोठं शोरूम येणार हे कानावर आल्यापासून ते अस्वस्थ होते. त्यांनी लॉयल्टीचं सॉफ्टवेअर घेतलं आणि स्टाफच्या ट्रेनिंगसाठी मला बोलावलं. काउंटरवर नंबर टाकला की टीव्हीवर नाव आणि गोल्डपासून वर सनई, ही मात्र त्यांची स्वतःची कल्पना. मी म्हटलं होतं, “शेठ, टिअर ग्राहकाला सांगायचा, पण त्याच्यापुरता.”

“मॅडम, मान द्यायचा तर चारचौघांत द्यायचा,” शेठ म्हणाले. “कानात सांगितलेला मान कोणाला पाहिजे?”

वर्गातलं ट्रेनिंग संपलं की फ्लोअर ऑब्झर्वेशन असतं. ट्रेनरने दुकानात उभं राहायचं, स्टाफ शिकवल्याप्रमाणे वागतो का ते पाहायचं. मध्ये बोलायचं नाही. त्या दिवशी नेमका हा बस्ता आला.

मुलीकडचे हट्ट्याचे. घरी शेती आणि शेळ्यामेंढ्या. बाबारावांची सगळी भावकी लग्नकार्याचं कापड याच दुकानातून न्यायची आणि काउंटरवर नंबर विचारला की प्रत्येक जण बाबारावांचाच सांगायचा. त्यामुळे अख्ख्या भावकीचे पॉइंट त्यांच्या नावावर साचले होते. मुलाकडच्यांचा कनेरगाव नाक्यावर ढाबा. चांगला चालणारा. पण त्यांना वाशीम जवळ. भारी कापड ते तिकडून घ्यायचे. सॉफ्टवेअरला ढाबा दिसत नाही. या दुकानातली खरेदी तेवढी दिसते.

“तुमच्या मशीननं आमची ऐपत कशावरून ठरवली?” मामांनी काउंटरवरच्या सुनीताला विचारलं.

“ऐपत न्हाई मामा, ते पॉइंटवर असते.”

“म्हंजे ह्यांचे पॉइंट जास्त, आमचे कमी. बराबर?”

ग्राहकाचं म्हणणं खोडायचं नाही, असं मी शिकवलं होतं.

“बराबर,” सुनीता म्हणाली.

बाबाराव हसत पुढे आले. “मामा, मशीनचं काय मनावर घेता? बसा. चहा घ्या.”

“तुमाला बसा म्हणायला काय जाते? तुमाला सनई वाजली.”

अशोकशेठनी सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला. शेषरावांना ताबडतोब गोल्ड करा, एवढीच मागणी होती. पलीकडच्या मुलीने हिंदीत सांगितलं की पायरी वाढवायला वरून मंजुरी लागते, ती दोन दिवसांत मिळेल, आणि आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. शेठनी फोन ठेवला. मग त्यांना दुसरा उपाय सुचला. पायरी खाली आणायला मंजुरी लागत नव्हती. त्यांनी स्वतःच माउस हातात घेऊन बाबारावांना सिल्व्हर केलं.

“झालं,” शेठ म्हणाले. “आता दोन्ही घरं सारखी.”

टीव्हीने ते लगेच दाखवलं.

“आमचं काहून कमी केलं?” मुलीची आई उठली. “आमी काय केलं तुमचं?”

बाबाराव तोवर हसत होते. आता त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

आता गप्प राहणं शक्य नव्हतं. अशा वेळेसाठी आमच्याकडे सर्व्हिस रिकव्हरी नावाची पद्धत आहे. आधी ग्राहकाचं ऐकायचं, मग त्याची भावना त्याच्याच शब्दांत परत सांगायची, मग माफी, मग उपाय. मी पुढे झाले. “मामा, तुम्हाला कमी लेखल्यासारखं वाटलं, हे मी समजू शकते. त्याबद्दल दुकानाच्या वतीनं...”

“मॅडम, तुमी पाठ करून आल्यावानी बोलून राहिल्या,” मामा म्हणाले.

मी थांबले. उपायाची पायरी अजून बाकी होती, पण माझ्याकडे उपाय नव्हता.

आता शेषराव उठले आणि मुलाला म्हणाले, “विलास, गाडी काढ. वाशीमला पाहू.”

बस्ता अर्ध्यावर सोडून उठणं म्हणजे नुसतं दुकान बदलणं नव्हे. पुन्हा बोलणी करायला बसावं लागतं, आणि त्या बोलण्यांत आधीचं मिटलेलंही वर येतं. बायकांनी हातातले पदर सोडले. मुलीची मावशी पिशव्या गोळा करायला लागली. मी ग्राहक टिकवायला आले होते आणि इथे लग्न टिकेना.

मुलगी, रेणुका, वसमतला एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट होती. तिच्या खांद्यावर मोतिया रंगाचा शालू तसाच होता. तिने तो काढला नाही. ती विलासकडे पाहत होती. रागाने नाही, रडवेली होऊनही नाही. डॉक्टरचं अक्षर लागत नसलं की मेडिकलवाले चिठ्ठीकडे पाहतात, तशी.

विलास गाडीची चावी घेऊन दारापर्यंत गेला होता. तिथून तो परत आला, थेट काउंटरवर.

“ताई, आमच्या बाबांचं नाव काढता येते का यातून?”

“येते,” सुनीता म्हणाली.

“काढा.” मग तो बाबारावांकडे वळला. “तुमचंबी काढलं तर चालन का?”

“काढा. मला काय करायचं त्याचं,” बाबाराव म्हणाले. पण म्हणायला त्यांना थोडा वेळ लागला.

दोन्ही नावं टीव्हीवरून गेली. मग विलास सगळ्यांदेखत रेणुकाला म्हणाला, “तुमचा नंबर सांगा.”

मोठ्या माणसांसमोर तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलत असावा. मावशीच्या हातातली पिशवी तशीच राहिली. रेणुकाने सावकाश, स्पष्ट नंबर सांगितला. सुनीताने तो टाकला.

“पोरीच्या नंबरवर?” मामा म्हणाले. “आमचं कापड?”

“व्हय. दोन्हीकडचं तिच्याच नंबरवर. मग लहान कोण अन् मोठं कोण, ते मशीनला कळतच न्हाई.”

“अन् बिल?” शेषरावांनी विचारलं.

“बिल ज्याचं त्यानं द्यायचं, बाबा. नंबर फकस्त एक.”

शेषरावांनी बायकोकडे पाहिलं. त्यांची बायको शालूकडे पाहत होती. “रंग चांगला दिसून राहिला तिला,” ती म्हणाली. शेषराव खाली बसले. ते बसले म्हणून बाकीचे बसले. मामा तेवढे उभे राहिले.

मी शेठना टीव्ही बंद करायला सांगितलं. त्यांनी बटण दाबून तो बंद केला. आवाज मात्र कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून येत होता, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. तोवर निवडलेल्या कापडाचं दोन्हीकडचं बिल एका नंबरवर चढलं आणि सनई वाजली. या वेळी ती बरीच लांबली.

“आता काय झालं?” मामांनी विचारलं.

सुनीताने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

“प्लॅटिनम झालं, मामा. सोन्याच्या वर असते.”

“कोणाचं?”

“नवरीचं.”

मामांनी विचार केला. “म्हंजे आमच्याच घरात येऊन राहिलं.”

“अजून आलं न्हाई,” मुलीची आई म्हणाली.

त्यावर पहिल्यांदा विलास हसला, मग रेणुका. मामांनी खुर्ची ओढली आणि गार झालेला चहा प्यायला घेतला.

लग्न ठरल्या तिथीला झालं. मला पत्रिका आली होती, मी जेवूनही आले. रेणुका सासूला घेऊन अजून त्याच दुकानात येते. मामांनी स्वतःचं कार्ड काढलं नाही. ते आले की भाचेसुनेचा नंबर सांगतात आणि सूट घेऊन जातात. माझ्या अहवालावरून शेठनी नियम केला की बस्त्याची खरेदी नव्या जोडप्याच्या नंबरवर चढवायची. टीव्हीवर आता साड्या दाखवतात.

लग्नानंतर बाबाराव एकदा एकटेच दुकानात आले. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी शेठना हळूच विचारलं, “ते आमचं गोल्ड होतं, ते परत लिहिता येते का? सनई न्हाई वाजली तरी चालते.”

त्याला वरून मंजुरी लागत होती. शेठनी ती मागवली.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक बॅचला मी टिअर शिकवताना एक वाक्य फळ्यावर लिहिते. ग्राहकाला त्याची पायरी जरूर सांगा, त्याच्या व्याह्यांना सांगू नका. मोठ्या शहरांतली मुलं ते उतरवून घेतात आणि व्याही म्हणजे काय ते विचारतात. आपल्याकडची मुलं विचारत नाहीत.